चालताना पाय का भरून येतात?

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वय बहात्तर. तालुक्याच्या गावी राहतात. सकाळी भाजी आणायला निघताना ते सायकल बरोबर घेतात, पण तिच्यावर बसत नाहीत. रहदारी वाढल्यापासून घरच्यांनी त्यांना सायकल चालवायची मनाई केली आहे. दोन्ही हात हँडलवर टेकवून, किंचित पुढे वाकून, ते सायकल ढकलत बाजारापर्यंत जातात. लोकांना वाटे, पिशव्या अडकवायला सर सायकल नेतात. आम्हालाही तसेच वाटे. एकदा विचारले तेव्हा सर म्हणाले, "अहो, सायकल धरली की बाजार गाठता येतो. हात मोकळे सोडून चाललो तर पोस्टाच्या वळणाशीच पाय भरून येतात. मग कुणाच्या तरी ओट्यावर बसावे लागते. दोन मिनिटे बसलो की काही झालेच नव्हते असे वाटते. उठलो, की पुन्हा तेवढीच मजल."

सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी आपल्या दुखण्याची बारकाईने नोंद ठेवली होती. पायऱ्या चढताना त्रास कमी, उतरताना जास्त. नुसते उभे राहिले तरी पाय दुखतात, म्हणजे थांबून भागत नाही. बसावे किंवा वाकावे लागते. उताणे झोपल्यावर पाय लांब केले तर अस्वस्थ वाटते, कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपले की बरे वाटते. या नोंदींकडे दोन वर्षे कुणी लक्ष दिले नाही. आधी गुडघ्यांना तेल चोळून झाले, मग रक्ताभिसरणाच्या गोळ्या झाल्या, शेवटी "वयानुसार हे चालायचेच" असा निकाल मिळाला. तोपर्यंत सरांनी लग्नकार्याला जाणे सोडले होते, कारण तेथे उभे राहावे लागते.

खरे तर सरांच्या प्रत्येक नोंदीत त्यांच्या आजाराचे निदान दडलेले होते. दुखत होते पायात, आणि अडचण होती कमरेच्या मणक्यात. या आजाराला 'लंबर स्पायनल स्टेनोसिस' म्हणतात. कमरेच्या भागातील मेरुनलिका अरुंद होणे, असा त्याचा अर्थ. साठी ओलांडलेल्या माणसांत तो पुष्कळ आढळतो. त्यावर अलीकडे लहान छेदातून करायचे उपचारही निघाले आहेत आणि त्यांची जाहिरातही बरीच होते. म्हणून हा आजार मुळापासून समजून घेऊ.

कण्याच्या आत काय असते?

आपल्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असतात. त्यांच्याखाली त्रिकास्थी आणि माकडहाड असते. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग जाड ठोकळ्यासारखा असतो; तो वजन पेलतो. मागच्या बाजूला हाडाची कमान असते. ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये एक भोक राहते. मणके एकावर एक रचले गेले की ही भोके एका ओळीत येऊन नळी तयार होते. हीच मेरुनलिका. दोन ठोकळ्यांच्या मध्ये कूर्चेची चकती असते, जिला आपण बोलताना 'गादी' म्हणतो. मागे, कमानींच्या दोन्ही बाजूंना, छोटे सांधे असतात. एका कमानीपासून खालच्या कमानीपर्यंत पिवळसर रंगाचा एक पट्टा ताणलेला असतो. त्याला पीत अस्थिबंध म्हणतात. हा पट्टा शरीरातील इतर अस्थिबंधांपेक्षा वेगळा आहे. त्यात इलॅस्टिन नावाच्या लवचीक प्रथिनाचे प्रमाण फार मोठे असते, म्हणून तो रबरासारखा ताणला जातो आणि पूर्ववत होतो. त्याचा पिवळा रंगही इलॅस्टिनमुळेच.

मेरुनलिकेतून मज्जारज्जू जातो हे आपण शाळेत शिकवतो. पण एक गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत पोचत नाही. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. तेथून खाली नलिकेत असतो तो मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'कॉडा इक्विना', म्हणजे अश्वपुच्छ, असे नाव दिले. ही मुळे एका पातळ पिशवीत, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात आणि एकेक करून बाहेर पडून पायांकडे जातात. पायांचे स्नायू, पायांची संवेदना, लघवी आणि शौच यांवरील ताबा ही कामे याच मुळांची.

आता सरांच्या पायाचे कोडे अर्धे सुटते. तार जेथे दबली जाते तेथे घंटा वाजत नाही. घंटा वाजते ती तारेच्या दुसऱ्या टोकाला. मूळ कमरेत दबले जाते, पण मेंदूला कळ जाणवते ती ते मूळ ज्या भागाचे आहे त्या भागात, म्हणजे मांडीत, पोटरीत किंवा पावलात.

नलिका अरुंद कशी होते?

वयाबरोबर गादीतील पाणी कमी होते. ती चपटी होते आणि तिची कड मागे नलिकेत फुगते. गादीची उंची कमी झाल्याने मागच्या छोट्या सांध्यांवर जास्त भार येतो. ते झिजतात, आणि झीज भरून काढताना त्यांच्या कडांना नवे हाड फुटून ते जाडजूड होतात. पीत अस्थिबंधातील इलॅस्टिन कमी होऊन तेथे कोलॅजेनचे चिवट तंतू वाढतात. पट्टा जाड आणि ताठर होतो. म्हणजे समोरून गादी, बाजूंनी सांधे आणि मागून अस्थिबंध असे तिन्हीकडून नलिकेवर अतिक्रमण होते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या दरम्यान हे सर्वांत जास्त आढळते. काही वेळा वरचा मणका खालच्या मणक्यावरून थोडा पुढे सरकतो, त्यामुळे जागा आणखी कमी होते. काही जणांची नलिका जन्मतःच अरुंद असते. त्यांना हा त्रास लवकर सुरू होतो.

थोडे गणित करून पाहू. समजा, नलिकेचा छेद गोल आहे आणि व्यास १६ मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस मिलिमीटर येते. चारही बाजूंनी फक्त २ मिलिमीटर जागा गेली की व्यास १२ होतो आणि क्षेत्रफळ ११३. आणखी एकेक मिलिमीटर गेला की व्यास १० आणि क्षेत्रफळ ७९. व्यास १६ चा १० झाला तर क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी उरते! खरी नलिका पूर्ण गोल नसते, तरी तत्त्व हेच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून एकेका मिलिमीटरचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. आणि उलट बाजूने पाहिले, तर दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी करून दिली तरी मोठा आराम पडू शकतो, हेही याच गणितातून कळते.

वाकले की बरे का वाटते?

येथे वर्गात करता येईल असा एक सोपा प्रयोग सांगतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापा. तिची दोन टोके दोन्ही हातांच्या चिमटीत धरून किंचित ताणा. पट्टी सपाट आणि पातळ राहते. आता हात जवळ आणा. पट्टी सैल पडून तिला वळी पडते आणि ती एका बाजूला फुगते. पीत अस्थिबंधाचे असेच होते. आपण पुढे वाकलो की मागच्या कमानी एकमेकींपासून दूर जातात, अस्थिबंध ताणला जातो, नलिका मोकळी होते. ताठ उभे राहिलो किंवा मागे वाकलो की कमानी जवळ येतात, अस्थिबंधाची वळी आत शिरते, गादीही मागे फुगते आणि नलिका आवळली जाते. तरुण माणसात अस्थिबंध पातळ आणि नलिका प्रशस्त असल्याने त्याचे काही बिघडत नाही. अरुंद झालेल्या नलिकेत मात्र एवढ्याने फरक पडतो. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये अशा रुग्णांच्या नलिकेतील दाब प्रत्यक्ष मोजला. झोपलेले आणि बसलेले असताना तो कमी होता, उभे राहिल्यावर वाढला, आणि उभे राहून मागे वाकल्यावर सर्वांत जास्त झाला.

मग चालल्यावर काही वेळाने कळ का येते? लगेच का नाही? चालताना मज्जातंतूंची मुळे सतत काम करतात. त्यांना जास्त प्राणवायू लागतो. पण दाबामुळे मुळांभोवतीच्या बारीक नीलांतून रक्त नीट वाहून जात नाही, ते तुंबते. नवे रक्त पुरेसे येत नाही. मागणी वाढलेली आणि पुरवठा अडलेला, अशी स्थिती झाली की मुळे तक्रार करू लागतात: आधी जडपणा, मग मुंग्या, मग कळ. बसलो की दाब उतरतो, रक्त वाहू लागते आणि दोन-चार मिनिटांत तक्रार थांबते.

आता सरांची प्रत्येक नोंद ताडून पाहा. सायकलच्या हँडलवर हात टेकले की कंबर पुढे वाकते. जिना चढताना आपण पुढे झुकतो, उतरताना मागे रेलतो. कुशीवर गुडघे पोटाशी घेतले की कंबर वाकतेच. परदेशातील डॉक्टर रुग्णाला विचारतात, "दुकानातील ढकलगाडीवर रेलून चालले तर बरे वाटते का?" आपल्याकडे हाच प्रश्न सायकल, काठी किंवा नातवाची बाबागाडी यांविषयी विचारता येईल.

दोन सारखी दुखणी

चालल्यावर पाय दुखणे आणि थांबल्यावर बरे वाटणे याला वैद्यकात 'क्लॉडिकेशन' म्हणतात. लॅटिनमध्ये याचा अर्थ लंगडणे. एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना याचे एक कारण माहीत होते: पायांच्या रोहिण्या अरुंद होऊन स्नायूंना रक्त कमी पडणे. कमरेची नलिका अरुंद झाल्यानेही असेच होते, ही गोष्ट स्पष्टपणे मांडली ती नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथील मेंदू व मज्जासंस्थेचे शल्यविशारद हेंक फेर्बीस्ट यांनी. त्यांचा गाजलेला निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. उभे राहिले आणि चालले की पाय दुखतात, आडवे झाले की थांबतात, अशा रुग्णांच्या नलिका त्यांना अरुंद आढळल्या आणि कमान काढून जागा केल्यावर त्यांचा त्रास गेला. तेव्हा आजच्यासारखी सीटी किंवा एमआरआय यंत्रे नव्हती. रुग्ण काय सांगतो ते नीट ऐकणे आणि मोजमाप करणे, हेच त्यांचे मुख्य साधन होते.

ही दोन दुखणी ओळखण्याची खूण साधी आहे. रोहिणी अरुंद असेल तर रुग्ण नुसता उभा राहिला तरी कळ थांबते, कारण स्नायूंचे काम थांबलेले असते. मेरुनलिका अरुंद असेल तर उभे राहून भागत नाही. बसावे किंवा वाकावे लागते. रोहिणीच्या रुग्णाला चढण जड जाते आणि सायकल चालवतानाही पोटरी दुखते. मेरुनलिकेचा रुग्ण सायकल खुशाल चालवतो, कारण सायकलवर तो वाकलेला असतो. रोहिणीच्या आजारात पावलावरील नाडी क्षीण लागते. घोट्याशी मोजलेल्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागले आणि उत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर रोहिणीच्या आजाराची शंका घ्यावी लागते. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. शिवाय मधुमेहात पावलांना मुंग्या येतात आणि खुब्याच्या सांध्याची झीज झाली तरी मांडी दुखते. म्हणून तपासणी केल्याशिवाय निदान करू नये.

चित्र म्हणजे दुखणे नव्हे

एमआरआय यंत्रात नलिका, गादी, अस्थिबंध आणि मुळे स्पष्ट दिसतात. साध्या क्ष-किरण चित्रात फक्त हाडे दिसतात. पण एमआरआयचे चित्र पाहून घाबरून जाऊ नये, असे आम्ही आवर्जून सांगतो. अमेरिकेत १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कधीही कंबरदुखी किंवा पायात कळ न आलेल्या ६७ माणसांचे एमआरआय काढले. त्यांपैकी साठ वर्षांवरील लोकांत ५७ टक्के चित्रे सदोष होती, आणि २१ टक्के लोकांची नलिका अरुंद दिसली. त्यांना त्रास मात्र काहीच नव्हता! केस पिकतात तसा कणाही पिकतो. म्हणून चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसला तरच चित्राला अर्थ. "मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन करून टाका" असा सल्ला नुसत्या चित्रावरून मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

उपचारांच्या पायऱ्या

बहुतेक रुग्णांचे दुखणे झपाट्याने वाढत नाही. कित्येकांचे वर्षानुवर्षे आहे तसेच राहते, काहींचे थोडे कमीही होते. त्यामुळे निर्णयाला सवड असते. पहिली पायरी व्यायामाची: पोटाचे आणि कमरेचे स्नायू बळकट करणारे, कंबर पुढे वाकवणारे व्यायाम, स्थिर सायकल, वजन आटोक्यात ठेवणे, थोडे थोडे पण रोज चालणे. अमेरिकेतील १६९ रुग्णांच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना नियमित व्यायामोपचार ठरवून दिला होता. दोन वर्षांनी दोन्ही गटांची प्रगती सारखीच होती. मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही: व्यायामाच्या गटातील ५७ टक्के लोकांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली. याचा अर्थ व्यायामाने अनेकांचे भागते, पण सर्वांचे नाही.

दुसरी पायरी मुळांभोवती स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची. ते जगभर फार वापरले जाते. २०१४ मध्ये ४०० रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना स्टिरॉइड आणि बधिर करणारे औषध, तर निम्म्यांना नुसते बधिर करणारे औषध दिले. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते, पण स्टिरॉइडमुळे विशेष जास्त फायदा झालेला नव्हता. तुलनेचा गट नसता तर सारे श्रेय स्टिरॉइडलाच मिळाले असते. प्रयोगात नियंत्रण गट का हवा, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

लहान छेद, पण काम कोणते?

तिसरी पायरी नलिका मोकळी करण्याची. जुन्या पद्धतीत पाठीवर मोठा छेद घेऊन, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवून, मागची कमान काढून टाकत. याला लॅमिनेक्टमी म्हणतात. ती परिणामकारक आहे, पण स्नायू दुखावतात आणि आधाराची हाडे जातात. तेव्हा कमीत कमी तोडफोड करून तेवढीच जागा करता येईल का, असा विचार सुरू झाला. १९७० च्या दशकात गादीच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत नळीतून दुर्बीण घालून गादीची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत पुढे आली, आणि पुढील काही वर्षांत ती नलिका मोकळी करण्यासाठीही वापरात आली.

'मिनिमली इन्व्हेजिव्ह', म्हणजे कमीत कमी शरीरभेद करणारी, हे नाव आज अनेक वेगवेगळ्या पद्धतींना दिले जाते. त्यांत दोन प्रकार आहेत हे ध्यानात ठेवावे. पहिल्या प्रकारात वाट लहान असते, पण आतले काम पूर्वीइतकेच पुरते केले जाते. दुसऱ्या प्रकारात वाटही लहान आणि कामही मर्यादित.

पहिल्या प्रकारात एकापेक्षा एक जाड नळ्या एकावर एक सरकवून स्नायूंचे तंतू न कापता बाजूला सारतात आणि सुमारे दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीने पाहत काम करतात. कमानीचा थोडा भाग घासून, जाड झालेला अस्थिबंध काढतात. एका बाजूने शिरून, हत्यार तिरपे करून, पलीकडची बाजूही मोकळी करता येते. मधली हाडे आणि पलीकडचे स्नायू शाबूत राहतात. बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. पुष्कळ रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतात. मुळांची पिशवी फाटणे, जंतुसंसर्ग होणे, रक्त साठणे हे धोके येथेही असतात.

दुसऱ्या प्रकारातील एक पद्धत अमेरिकेत 'माइल्ड' या नावाने ओळखली जाते. रुग्णाला पालथे झोपवून तेवढीच जागा बधिर करतात. सुमारे ५ मिलिमीटर व्यासाची नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत कमानीपर्यंत नेतात. मुळांच्या पिशवीबाहेरच्या पोकळीत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य आधीच सोडलेले असते. त्याची रेषा पडद्यावर दिसते. ही रेषा म्हणजे सीमा, हत्यार तिच्या पुढे न्यायचे नाही. नळीतून कमानीच्या कडेचे बारीक तुकडे आणि जाड अस्थिबंधाचे कण खुडून काढतात. टाका लागत नाही, रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. पण या पद्धतीने फक्त मागून होणारे अतिक्रमण कमी होते. गादी फुगली असेल, सांधे वाढले असतील किंवा मणका बराच सरकला असेल, तर तिचा उपयोग मर्यादित.

आणखी एक कल्पना सरांच्या सायकलसारखीच आहे: मणक्यांच्या मागच्या दोन काट्यांमध्ये पाचर बसवायची, म्हणजे तेवढी जागा कायम वाकलेल्या स्थितीत राहील. कल्पना आकर्षक, पण अनुभव संमिश्र. अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालेली 'एक्स-स्टॉप' ही पाचर २०१५ मध्ये बाजारातून काढून घेतली गेली. नेदरलँड्समधील १५९ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, अशी पाचर बसवलेल्यांपैकी २९ टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. नेहमीची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. नंतर वेगळ्या बनावटीच्या पाचरी आल्या, पण हा धडा विसरता येणार नाही.

आकडे कसे वाचावेत?

'माइल्ड' पद्धतीची चाचणी अमेरिकेत २६ केंद्रांवर ३०२ रुग्णांवर झाली. एका वर्षाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. या पद्धतीने ५८ टक्के रुग्णांच्या दैनंदिन हालचालीत ठरवून दिलेल्या मर्यादेइतकी सुधारणा झाली, तर इंजेक्शनच्या गटात २७ टक्के रुग्णांच्या. फरक मोठा आहे. पण विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावेत. तुलना कशाशी केली? इंजेक्शनशी, आणि त्याचा फायदा मुळातच मर्यादित असल्याचे आपण वर पाहिले, शस्त्रक्रियेशी नव्हे. आपल्याला कोणता उपचार मिळाला हे रुग्णांना माहीत होते का? होते, आणि त्याचा परिणाम त्यांच्या उत्तरांवर होऊ शकतो. खर्च कुणी केला? हत्यार बनवणाऱ्या कंपनीने. यामुळे चाचणी खोटी ठरत नाही. निष्कर्ष किती जोरात बोलायचा, एवढे ठरते.

दुसऱ्या बाजूला, छेद लहान असला म्हणजे निकाल चांगलाच लागतो असेही नाही. नॉर्वेमध्ये ४३७ रुग्णांवर नलिका मोकळी करण्याच्या तीन वेगवेगळ्या, कमान राखणाऱ्या पद्धती वापरून पाहिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा होती. स्क्रू आणि पट्ट्या घालून मणके जोडण्याविषयीही असेच. स्वीडनमधील २४७ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, नुसती नलिका मोकळी केलेल्यांच्या तुलनेत मणके जोडलेल्यांना अधिक फायदा झाला नाही. रुग्णालयातील मुक्काम आणि खर्च मात्र वाढला. मणके खरोखर अस्थिर असतील तर जोडावे लागतात, पण सरसकट नव्हे.

म्हणून डॉक्टरांना हे प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारावेत. माझी लक्षणे आणि चित्र जुळतात का? अडथळा कशाचा आहे: गादीचा, सांध्यांचा की अस्थिबंधाचा? तुम्ही सुचवलेल्या उपचाराने तोच अडथळा दूर होणार का? पायाचे दुखणे कमी होईल की कमरेचेही? थांबलो तर काय होईल?

एका बाबतीत मात्र थांबू नये. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अश्वपुच्छाची मुळे गंभीररीत्या दबल्याची ही चिन्हे आहेत, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचे होऊ शकते.

सरांचे काय झाले?

सरांना शेवटी एका डॉक्टरांनी खोलीबाहेरच्या बोळात दहा मिनिटे चालायला लावले. मग विचारले, "आता भिंतीला टेकून वाका. कमी झाले?" झाले होते. चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये नलिका अरुंद होती. अस्थिबंध आणि सांधे दोन्ही जाड झाले होते. सहा महिने व्यायाम झाला, चालण्याची मजल थोडी वाढली, पण पुरेशी नाही. शस्त्रक्रियेचा विषय निघाला तेव्हा घरात एकच वाक्य घुमत होते: "मणक्याचे ऑपरेशन म्हणजे पाय जातात." डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले की मज्जारज्जू त्या जागेच्या बराच वर संपतो. धोका शून्य नाही, पण भीती वाटते तेवढाही नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अस्थिबंधाबरोबर सांधेही वाढलेले असल्याने नळीतून सूक्ष्मदर्शकाने करायची शस्त्रक्रिया ठरली.

पायातील कळ गेली. डाव्या पावलाचा थोडा बधिरपणा राहिला आहे, आणि सकाळी कंबर धरते ती धरतेच. शस्त्रक्रियेने झीज भरून येत नाही, हे सरांना आधीच सांगितले होते. गेल्या महिन्यात ते एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत उभे होते. बाजारात अजूनही सायकल घेऊन जातात. आम्ही विचारले, "आता कशाला?" म्हणाले, "आता खरोखरच पिशव्यांसाठी."

आपल्या प्रत्येकाच्या घरी, गल्लीत कुणी आजोबा-आजी असतील, ज्यांचे चालणे ओट्याओट्यावर बसत आखूड होत चालले असेल. वय झाले म्हणून सोडून देण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारू: थांबल्यावर बरे वाटते, की बसल्यावर?